आळ्याच्या वाटेवरून मलिक अंबरच्या फौजेत

आळे, १६०८

मृग तोंडावर आलाय आणि तुम्ही आळ्यात उभे आहात. फाटा शोधू नका, तो अजून व्हायचाय. पुणे-नाशिक रस्ता नाही, कल्याणकडून येणारे ट्रक नाहीत, टोमॅटोचे क्रेट नाहीत. टोमॅटोच या मुलखात अजून पोचलेला नाही. ओळखीची एकच खूण आहे, ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी. गावातली म्हातारी माणसं तिला आत्ताच तीनशे वर्षांची जुनी म्हणतात.

अंगावरचा शर्ट काढून जाडाभरडा अंगरखा चढवा, डोक्याला मुंडासं गुंडाळा. कोणी हटकलंच तर सांगा, नाणेघाट चढून आलेल्या मिठाच्या बैलांबरोबर आलोय. त्या वाटेने रोज इतकी माणसं येतात की पुढचा प्रश्न कोणी विचारणार नाही.

जुन्नरच्या बाजूला धूळ उठते. चावडीपुढची माणसं आधी गप्प होतात, मग एकेक करून उभी राहतात. फौज म्हटली की गावाला पहिली काळजी वैरणीची: किती कडबा मागतील, पैसे देतील का, बैल ओढून नेतील का. पण जवळ येतात ते वीस-पंचवीसच स्वार. तंबू नाहीत, सामानाचे उंट नाहीत. घोडी बुटकी, काटक, दख्खनी. खोगिराखाली घोंगडी, तेच रात्रीचं अंथरूण. एका अंगाला दाण्याचा तोबरा, दुसऱ्या अंगाला फडक्यात बांधलेल्या भाकरी. हातात लांब भाला, पाठीवर ढाल. एवढाच संसार.

त्यातला एकजण चावडीपुढे उतरतो. पाटलांचा धाकटा. आठ महिने घोड्यावर होता, आता पेरणीला घरी आलाय. बाप त्याची विचारपूस करत नाही. खाली बसतो, घोड्याचा पुढचा पाय उचलून मांडीवर घेतो आणि खुराच्या भेगेतली माती बोटाने काढून बघतो. घोडं घरचं आहे म्हणून पोरगा शिलेदार म्हणवतो. सरकारातून घोडं मिळतं त्याला बारगीर म्हणतात. शिलेदाराचं घोडं मेलं की त्याची पतही गेली. म्हणून खूर आधी, लेक मग.

“ठीक आहे,” म्हणून पाटील पाय खाली सोडतात. “तुझा तो हबशी सरदार कसा आहे रे?”

“साठीला आलाय आबा, पण पहाटे आमच्या आधी खोगिरात असतो. मोगलाला नगरच्या किल्ल्याबाहेर सुखाने पडू देत नाही.”

“आणि पगार?”

पोरगा कमरेची कसनी सोडून आईच्या हातात देतो. उत्तर पोचलं.

जुन्नर, त्याच आठवड्यात

आता उलट्या दिशेने चाला. दिवसभराची चाल आहे. उन्हाळ्याने आटलेली कुकडी ओलांडली की शिवनेरी नजरेत भरतो. पायथ्याच्या बाजारात कानावर मराठी, दखनी, फारसी आणि अरबी एकदमच पडते. नाणेघाटातून मीठ आणि नारळ येतात, चौलच्या बंदरातून अरबी घोडे येतात. एका व्यापाऱ्याने घोड्याचे दात दाखवायला त्याचं तोंड उघडून धरलंय आणि गिऱ्हाईक हबशी आहे: उंचापुरा, कमरेला सरळ तलवार, बोली मात्र इथलीच.

हे गाव सध्या राजधानी आहे. एका अर्थाने घरवापसीच म्हणा. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभी केली ती याच जुन्नरच्या आधाराने, नगर त्यानंतरचं. आणि नगरचं काय झालं ते इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. ऑगस्ट १६०० मध्ये अकबराच्या फौजेने किल्ला घेतला. तो लढवणारी चांदबिबी स्वतःच्याच लोकांकडून मारली गेली. बाल सुलतान बहादूर कैद होऊन ग्वाल्हेरला गेला. आग्र्याच्या दफ्तरात निजामशाही संपली.

मुलखात मात्र ती संपली नव्हती. मलिक अंबरने निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधला, परांड्याला त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं आणि स्वतःची मुलगी त्याला दिली. तिथपासून खुतबा मुर्तजाच्या नावाचा आणि हुकूम अंबरचा. वाटेत राजू दख्खनीसारखा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी होता. त्यालाही बाजूला करून तो जुन्नरला आलाय.

दरबारात शिरा, पण मागे उभे राहा. गादीवर तरुण सुलतान बसलाय. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. सगळ्यांच्या नजरा खाली उभ्या असलेल्या उंच, काळ्या, करड्या चेहऱ्याच्या माणसावर आहेत.

हा चेहरा इथवर आला कसा, हे समजायला साठ वर्षं मागे जावं लागतं. १५४८ च्या सुमाराचा जन्म, इथिओपियातला. घरचं नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्रावरचं मोखा, मग बगदाद. बगदादच्या मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. १५७० नंतरच्या वर्षांत तो दख्खनमध्ये पोचला. विकत घेणारा होता निजामशाहीचा पेशवा चंगीजखान, तोही एकेकाळी गुलाम असलेला हबशीच. फौजा, हिशेब आणि दरबारातली कारस्थानं, सगळं शिक्षण त्याच्या घरात झालं. चंगीजखान मेल्यावर त्याच्या बायकोने अंबरला मोकळं केलं. मग विजापूरची चाकरी, तिथे मिळालेली ‘मलिक’ ही पदवी, आणि १५९५ मध्ये दीडेकशे स्वार घेऊन नगरला परत. त्या दीडशेचे पुढे हजारो झाले. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगल सेनापती खानखानानच्या मुलाशी झालेल्या लढाईत तो जखमी होऊन पडला, तेव्हा त्याच्या माणसांनी त्याला रणातून उचलून बाहेर काढलं. हरलेल्या लढाईतही सैनिक ज्याला टाकून पळत नाहीत, तो सेनापती पुढे काय करणार याची चुणूक तिथेच दिसली होती.

बालाघाटाच्या वाटेवर, १६०९-१०

आता तुम्हाला घोड्यावर बसावं लागेल. पाटलांच्या धाकट्याच्या मागे राहा आणि तो करील तसंच करा.

समोर मैदानात जहांगीरची फौज उतरलीय. सेनापती आहे खानखानान अब्दुर्रहीम, ज्याचे दोहे तुम्ही शाळेत हिंदीच्या पुस्तकात वाचलेत. पोटऱ्यांएवढ्या जाड साखळ्यांचे हत्ती, अवजड तोफा, सरदारांचे रंगीत डेरे, त्यामागे अख्खा बाजार. एवढ्या फौजेशी समोरासमोर भिडायचा विचार अंबरच्या मनालाही शिवत नाही. तो बघतोय तिच्या शेपटीकडे. मोगल फौज चालते बंजाऱ्यांच्या बैलांवर. हजारो बैल पाठीवर धान्याच्या गोणी घेऊन उत्तरेकडून येतात. गोणी आल्या तर तोफा चालतात.

तुम्ही ओढ्याच्या आड थांबलाय. घोड्यांची तोंडं बांधलीत. तांडा अर्धा ओढा उतरतो तेव्हा खूण होते. पुढची घटका लढाई म्हणावी अशी नसतेच. दोन तुकड्या दोन्ही बाजूंनी घुसतात, पुढचे बैल उधळतात, मागचे ओढ्यात अडकतात, गोणी फाटतात. रक्षक सावरून तिरकमठे हातात घेईपर्यंत शिलेदार टेकाडापलीकडे. चिलखत घातलेला मोगल स्वार पाठलाग करतो, त्याचा घोडा दुसऱ्या चढाला फेसाळतो. आपलं तट्टू अजून चालतंय.

हे एकदा झालं तर दरोडा. रोज, पंधरा ठिकाणी, सहा महिने झालं तर ती युद्धपद्धती. तिला बारगीगिरी म्हणत. मोगलांच्या छावणीत धान्य महागतं, जनावरं मरतात, सरदार एकमेकांवर खापर फोडतात. अखेर खानखानानला माघार घ्यावी लागते. १६१० मध्ये नगरचा किल्ला पुन्हा निजामशाहीकडे येतो. त्याच वर्षी विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी लिहून ठेवतो की अंबरच्या हाताखाली त्याच्या जातीचे दहा हजार आणि दख्खनी चाळीस हजार माणसं आहेत. त्या चाळीस हजारांत जुन्नरच्या खोऱ्यातले, नगरचे, मराठवाड्याचे पाटील-देशमुखांचे मुलगे आले. मालोजी भोसल्यांचं घराणं याच राज्याच्या चाकरीत वाढलं.

१६१० मध्येच दरबाराचा पसारा जुन्नरहून दौलताबादला हलतो आणि शेजारच्या खडकी गावात नवं शहर उभं राहू लागतं. तेच पुढे औरंगाबाद झालं, आज छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांनी त्या शहरात आणणारी नहर-ए-अंबरी तिथे आजही दाखवतात.

आळे, पुढच्या दशकात

परत गावात या, कारण अंबरच्या फौजेचं खरं गुपित रणांगणावर कळत नाही.

शिवारात माणसं गोळा झालीत. सरकारी कारकून, पाटील, कुळकर्णी, शेजारच्या रानाचे दोघे-तिघे साक्षीला. कारकून वाकून मातीचं ढेकूळ उचलतो, फोडतो, तळहातावर चुरडतो. काळी. पुढच्या रानात बरड. विहिरीखालचं रान बागायत, बाकी जिरायत. गेल्या काही वर्षांत इथे किती पिकलं, हे कुळकर्णी वहीतून वाचतो. एक शेतकरी मध्येच बोलतो, “दोन साल पाऊस नव्हता, ते पण लिवा.” कारकून लिहितो.

हीच ती मलिकंबरी. त्याआधी महसूल मक्त्याने जायचा: जो मक्तेदार जास्त बोली लावील तो गाव पिळून काढायला मोकळा. अंबरने मक्ता मोडला. जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक बघून धारा ठरवला, पाटील-कुळकर्ण्यांची वतनं पक्की केली, वसुलीची जबाबदारी गावावर ठेवली. सुरुवातीला धान्यात दोनपंचमांश आणि नंतर रोखीत साधारण तिसरा हिस्सा, असं प्रमाण परंपरेने सांगितलं जातं. हा वाटा काही हलका नाही. पण तो आधी कळतो, आणि आधी कळलेला वाटा काढून ठेवता येतो. अकबराच्या दरबारातल्या तोडरमलने उत्तरेत महसुलाचं जे केलं त्याची छाया यात होती. तरी इथली माती, इथला पाऊस आणि इथली गावकी यांच्यावर बेतलेली ही व्यवस्था होती, आणि म्हणूनच राज्य गेल्यावरही तिचं नाव दोन-अडीचशे वर्षं महसुलाच्या दफ्तरांत राहिलं.

आता पाटलांच्या अंगणात बांधलेल्या त्या घोड्याकडे बघा. त्याला चंदी कुठून येते? याच रानातून. शिलेदार दसऱ्याला निघतो आणि मृगाला परततो. मक्तेदाराने घर लुटलं असतं तर ना घोडं उरलं असतं, ना त्यावर बसणारा. अंबरला महसूल आणि मोहीम ही दोन खाती वाटतच नव्हती. गाव नांदतं तर फौज उभी राहते, आणि वाटेवरच्या प्रत्येक गावात फौजेचा एक जावई असतो तेव्हा मोगल कुठे उतरलाय हे अंबरला हेराआधी कळतं.

खडकी, १६१६-१७

इथे फार थांबू नका, जळक्याचा वास अजून गेलेला नाही. काही हबशी आणि मराठा सरदार फुटून मोगलांना मिळाले, रोषणगावला अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी लुटून उद्ध्वस्त केली. १६१७ मध्ये शहाजादा खुर्रमने, म्हणजे पुढच्या शाहजहानने, नगरचा किल्ला आणि बालाघाट परत घेतला.

याच सुमाराला उत्तरेत अबुल हसन हा चितारी एक चित्र रंगवतोय. जहांगीर बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यात बाण मारतोय. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. प्रत्यक्षात बादशहाने अंबरला कधी समोरासमोर पाहिलंही नाही. हाती न आलेल्या शत्रूला कागदावर मारण्याची वेळ हिंदुस्थानच्या पातशहावर आली, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोणत्या सेनापतीला मिळालं असेल?

१६१७ मध्ये पीटर व्हान डेन ब्रूके हा डच व्यापारी छावणीत अंबरला भेटला. उंच, धिप्पाड बांधा आणि कठोर चेहरा त्याने नोंदवलाच, शिवाय मुलखातल्या कडक शिस्तीचं कौतुकही केलं. दारू पिणाऱ्याच्या घशात वितळलेलं शिसं ओततात, असंही तो सांगतो. अंबरला संत बनवायचा मोह होत असेल तर ही नोंद लक्षात ठेवा. आणि हेही, की ज्या सुलतानाला त्याने मुलगी दिली त्याचा शेवट १६१० मध्ये विषाने झाला, आणि विष देणारा हात सासऱ्याचाच होता असं इतिहासकार मानतात.

भातवडी, १६२४

नगरच्या आग्नेयेला चला. पावसाळा झालाय, जमीन मऊ आहे, निजामशाहीत बांधलेला भातवडीचा तलाव काठोकाठ भरलाय. अंबर आता शहात्तरच्या आसपासचा.

या वेळी एकटे मोगल नाहीत. विजापूरचा इब्राहिम आदिलशहाही त्यांना मिळालाय. त्याच्या फौजेचा सेनापती मुल्ला मुहम्मद. समोर लखुजी जाधवराव आहेत आणि अंबरकडे त्यांचे जावई शहाजीराजे भोसले, सोबत धाकटे भाऊ शरीफजी. एकाच घरातले भाले दोन्हीकडे आहेत.

तुम्ही बंधाऱ्यावर उभे आहात. अंधार आहे. खाली, पाण्याच्या वाटेवरच शत्रूची छावणी पसरलीय. चुली, मशाली, उंटांचे आवाज. बेलदार पहारी घेऊन बांधाच्या कडेला बसलेत. पहिला घाव घातला की मातीतून नुसती ओल सुटते. मग बोटाएवढी धार. मग एक दगड निसटतो आणि कोणी काही म्हणायच्या आत बेलदार मागे पळतात, कारण पुढचं काम आता पाणी स्वतःच करतंय.

सकाळी खाली चिखल असतो. तोफांची चाकं आसापर्यंत रुतलीत, दारू भिजलीय, दाणागोटा वाहून गेलाय. चिलखतातला माणूस दोन पावलं टाकून थांबतो. पुढच्या रात्री अंबरचे स्वार छावणीवर तुटून पडत राहतात. उपाशी, ओली माणसं तिकडून फुटून इकडे येतात. आणि मग, शत्रू पुरता ढिला झाल्यावर, अंबर उघड्यावर लढाई देतो. मुल्ला मुहम्मद मारला जातो, मोगलांचे नामांकित सरदार कैद होतात. शरीफजी भोसले पडतात. परमानंदाच्या शिवभारतात या लढाईचं वर्णन आहे. भोसले घराण्याने ती विसरू दिली नाही.

ज्या माणसाने खडकीला नळाने पाणी नेलं, त्याला भातवडीचं पाणी कुठे वाहील हे सांगायला दुसरं कोणी लागलं नाही.

१६२६ आणि नंतर

१४ मे १६२६ रोजी अंबर वारला. कबर खुलताबादला आहे. जहांगीरच्या आत्मचरित्रात त्याला शिव्यांशिवाय जागा नाही, पण त्याच्या मृत्यूची नोंद करताना मोगल दरबारच्या बखरकाराची लेखणीही बदलली: युद्धात, नेतृत्वात आणि कारभारात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता, अशी कबुली तिथे आहे.

त्यानंतरच्या घटना जलद घडतात. १६३० मध्ये जुन्नरच्याच शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म. १६३३ मध्ये अंबरचा मुलगा फत्तेखान दौलताबाद मोगलांच्या हवाली करतो. त्याच सुमाराला आळ्याच्या उत्तरेला, पेमगिरीच्या किल्ल्यावर शहाजीराजे निजामशाही घराण्यातलं एक मूल गादीवर बसवून राज्य स्वतः चालवू लागतात. राजधानी पडली तरी मुलूख लढू शकतो, ही अंबरची रीत त्यांनी उचलली होती. १६३६ मध्ये माहुलीला तोही डाव संपला. पण डोंगर, घाट, हलकं घोडं आणि शेतकऱ्याचा मुलगा यांच्या जोरावर दिल्लीला झुंजवता येतं, हे या मुलखाला कळलं ते कायमचं. शिवरायांनी त्याच्या पुढे जाऊन जे उभारलं ते सर्वस्वी त्यांचं. त्यांना बाहुला सुलतान लागला नाही. तरी त्यांच्या वडिलांची उमेदवारी कोणाच्या हाताखाली झाली, हे सांगायला आपण संकोचतो.

मलिक अंबरने २६ वर्षं एक बुडालेलं राज्य तरंगत ठेवलं, अकबर आणि जहांगीर अशा दोन पातशहांना दख्खन गिळू दिली नाही, आणि स्वतः कधी गादीवर बसला नाही. विकत आणलेला परका पोरगा इथली माती आपल्यापेक्षा नीट वाचायला शिकला, म्हणून हे जमलं. जुन्नर-आंबेगावच्या शाळांच्या सहली शिवनेरीला जातात, जायलाच हव्यात. एखाद्या वर्षी गाडी आणे घाट चढून नगरकडे वळवा आणि मुलांना भातवडीचा तलाव दाखवा. बंधाऱ्यावर उभं राहिलं की ती लढाई समजावून सांगायला मास्तरांना नकाशाही लागणार नाही.